वाडा एकाला, परस दुसऱ्याला

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि परभणी-नांदेडपर्यंतची माणसं घराबाहेर आली. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनाने सांगितलं. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. माळवदावरच्या मातीबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

येलदरी हे पूर्णेवरच्या धरणाचं गाव, जिंतूर तालुक्यातलं, हिंगोलीच्या शिवेलगतचं. या पट्ट्यातला जुना वाडा दुरुस्तीला निघाला की पहिलं काम वरचं वजन मोजण्याचं. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती चढते, जुनी कुणी उतरवत नाही. फूटभर थर धरला तरी चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. बारा बाय दहाच्या खोलीवर साडेपाच टन, तेही माती कोरडी असताना! किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या घरांनी माणसं गाडली, त्यांतल्या अनेकांच्या माळवदावर याहून कितीतरी जास्त माती होती. भिंती जाडजूड, पण आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, मधे चिखल आणि चिपांची भर. सागवानी खांब-तुळयांचे खण जिथे धड होते, तिथे भिंत ढासळूनही छत पुष्कळदा वर राहिलं. त्यामुळे भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणं (भारतीय मानक १३८२८ प्रमाणे उंचीत दर ६०० मिलिमीटरला), खांबांचे वाळवीने खाल्लेले बुंधे बदलणं आणि माती उतरवणं ही कामं गिलाव्याच्या आधीची. चिखलाच्या जोडाईवर सिमेंट थापलं, की ओल आतच कोंडते.

इथवर बहुतेक गवंड्यांना पटतं. घोडं अडतं ते परसात.

मालक वाड्याचं काम एकाला देतो आणि परसाचं जेसीबीवाल्याला. वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत दोन दिवसांत साफ होतं. सोबत मोरीची चर बुजते, आडाचा काठ ढासळतो आणि सपाटीकरणाच्या नावाखाली जोत्याला मातीचा ढीग लागतो. पहिल्याच पावसात पाणी भिंतीच्या पायाशी थांबतं. जोतं उघडं हवं आणि भोवतालचा उतार बाहेरच्या बाजूला, एवढं तरी जेसीबीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं.

काळ्या मातीत प्रकरण आणखी नाजूक. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीलगतचा मोठा कडुनिंब वर्षानुवर्षं तिच्यातली ओल शोषत असतो आणि पाया त्या कोरडेपणाला सरावलेला असतो. झाड एकदम तोडलं तर पुढच्या पावसाळ्यांत तीच माती फुगून भिंत उचलते, आणि दोष येतो गवंड्यावर. अशा झाडाची छाटणी दोन-तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने करावी. भिंतीत उगवलेल्या पिंपळाला मात्र ही सवलत नाही. वरून छाटला की तो जोमाने फुटतो. दगडांवर खुणा करून तेवढा भाग उतरवावा, मूळ काढावं आणि दगड जागच्या जागी बसवावेत. दिवाळीनंतर हे काम सोपं जातं. दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी सर्पमित्राला बोलावलेलं बरं, कारण घोणसही तिथेच असते.

उतरवलेल्या मातीचं काय करायचं, हे अंदाजपत्रकात क्वचितच असतं. ट्रॉलीभाडं वाचवायला ती परसातच पसरतात. माळवदासाठी जुन्या लोकांनी मुद्दाम चोपण, खारवट माती निवडली ती पाणी मुरू देत नाही म्हणून. त्याच गुणामुळे तिच्यात लिंबू, सीताफळ, कढीपत्ता यांचा जीव घुसमटतो. ती चाळून, जलरोधक कापडावर पातळ थरापुरती परत माळवदावर न्यावी. उरलेली गावातल्या दुसऱ्या माळवदवाल्यांना द्यावी. मृगाआधी ते अशाच मातीच्या शोधात असतात.