जिभेखालची गोळी: कोणाची, केव्हा आणि कशी

छातीत भरून आले, घाम फुटला की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी म्हणजे हृदयविकाराचा झटका टळतो, हा समज व्हॉट्सॲपवरील संदेशांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यांनी इतरत्र रुजला तसा गोंदिया जिल्ह्यातही रुजला आहे. या मताचा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जंगलालगतच्या गावातून गोंदियाचे शासकीय रुग्णालय गाठण्यातच बराच वेळ मोडतो, आणि बंद रक्तवाहिनी उघडण्यासाठी पुष्कळांना तेथून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवरच्या नागपूरला न्यावे लागते. तेव्हा हाताशी असलेली स्वस्त गोळी घेतली तर बिघडले काय, असा या पक्षाचा प्रश्न आहे. कानपूरच्या हृदयरोग संस्थेतून 2024 च्या आरंभी पुढे आलेल्या ‘राम किट’मध्ये ॲस्पिरिन आणि रोसुव्हास्टॅटिन यांच्या जोडीला सॉर्बिट्रेट होतीच, त्यामुळे या प्रश्नाला अधिकारवाणीचे बळही मिळाले.

उत्तर औषधाच्या कार्यातच आहे. सॉर्बिट्रेट ज्यात मोडते त्या नायट्रेट वर्गातील औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड मोकळे करतात, त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात, विशेषतः शिरा रुंदावून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि भार हलका झाल्याने हृदयाची प्राणवायूची गरज घटते. श्रमाच्या वेळी अरुंद रक्तवाहिनीतून पुरेसे रक्त न पोहोचल्याने उठणारी कळ, म्हणजे अंजायना, यामुळे थांबते. झटक्यात मात्र रक्तवाहिनीत गुठळी बसलेली असते आणि ती विरघळवण्याचे सामर्थ्य नायट्रेटमध्ये नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-4’ या चाचणीत झटक्याचा संशय असलेले 58,000 हून अधिक रुग्ण होते. त्यांतील ज्यांना सरसकट नायट्रेट दिले गेले त्यांच्यातील मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत. याउलट 1988 च्या ‘आयसिस-2’ मध्ये ॲस्पिरिनने ते घटले होते. म्हणजे ‘राम किट’मधील जीव वाचवणारा भाग ॲस्पिरिनचा आहे, आणि श्रेय मात्र सॉर्बिट्रेट घेऊन जाते.

‘बिघडले काय’ याचे उत्तर रक्तदाबात सापडते. झटका हृदयाच्या उजव्या कप्प्याला बसला असेल, महाधमनीची झडप फार आकुंचित असेल किंवा वरचा रक्तदाब आधीच 90 च्या खाली असेल, तर ही गोळी रुग्णाला क्षणात कोसळवू शकते. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपाने तोडून पाण्याविना कोरड्या पडलेल्या मजुराच्या बाबतीत हा धोका अधिकच. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून 48 तास नायट्रेट वर्ज्य आहे, पण ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही आणि विचारतही नाही. शिवाय गोळीने कळ थांबली म्हणून ती हृदयाचीच होती असे ठरत नाही, कारण अन्ननलिकेची उबळही तिने शमते. दवाखाना दूर आहे हा मुद्दा म्हणूनच पूर्वपक्षावर उलटतो: दाब कोसळलेल्या रुग्णाला सलाइन लावणारे माणूस जवळ नसणे हे गोळी अंदाजाने न देण्याचेच कारण ठरते.

परंतु एवढ्यावरून औषधालाच दोषी ठरवणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. अंजायनाचे निदान झालेले कित्येक रुग्ण ‘सवय लागेल’ या धास्तीने गोळी शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवतात. वास्तविक डॉक्टर विल्यम मरेल यांनी 1879 साली याच वर्गातील नायट्रोग्लिसरीनचा अंजायनावरील उपयोग मांडला तेव्हापासून कळ येण्यापूर्वीच तिला अडवणे हा या औषधांचा मोठा गुण राहिला आहे. चढण, पोते उचलणे किंवा थंडीतील पहाटेची फेरी यांनी ज्याला कळ येते, त्याने डॉक्टरांनी तसे सांगितले असल्यास श्रमापूर्वी पंधरा मिनिटे 5 मिलिग्रॅमची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवावी, बसून ठेवावी, चावू किंवा गिळू नये, आणि लगेच उठू नये. डोके ठणकणे हा रक्तवाहिन्या रुंदावल्याचा परिणाम असून तो बहुधा काही दिवसांत ओसरतो.

सवयीच्या भीतीत तथ्य आहे, पण ते वेगळ्या जागी. जवाहरनगरचा स्फोटकांचा कारखाना शेजारच्या भंडारा जिल्ह्यातच असल्याने नायट्रोग्लिसरीन हे मुळात स्फोटक आहे हे गोंदियाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. युरोप-अमेरिकेतील डायनामाइट कारखान्यांत असे दिसले की कामगारांची डोकेदुखी आठवड्याभरात थांबे आणि सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा सुरू होई. शरीर औषधाला सरावते, आणि खंड पडला की पुन्हा प्रतिसाद देते. म्हणून रोजच्या नायट्रेटमध्ये दिवसाकाठी दहा ते चौदा तासांचा रिकामा अवधी ठेवतात. साध्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या दोन मात्रा सकाळी आठ व दुपारी तीन अशा देण्यामागे हेच कारण आहे. ‘दोनदा’ म्हणजे सकाळ-रात्र असे गृहीत धरणारा रुग्ण औषध नियमित घेऊनही त्याचा गुण घालवून बसतो. मात्र वेळा बदलणे किंवा औषध एकाएकी बंद करणे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण अचानक खंडाने कळ उसळते.

ज्याला गोळी लिहून दिलेली आहे त्याने कळ येताच बसून एक ठेवावी, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरीच्या भरवशावर न राहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्याला छातीत पहिल्यांदाच कळ आली आहे त्याने शेजाऱ्याच्या डबीतील गोळी मागू नये, थेट 108 लाच फोन करावा.