समास कोणाचा?

ब्राह्मणपुरीला माझ्या बहिणीचं घर आहे. शहादा तालुक्यातलं गाव, आजूबाजूला पपई, केळी आणि ऊस. दिवाळीच्या सुट्टीत तिथे गेलो असताना भाचीचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक चाळत होतो. दुसऱ्या धड्यात एका पानाच्या समासात काहीतरी लिहून खोडलेलं दिसलं. खोडरबर इतकं घासलं होतं की कागद पातळ झाला होता. पान उजेडाकडे तिरपं धरलं तेव्हा पेन्सिलीचा दाब वाचता आला : ‘अकबर कोणत्या इयत्तेत होता?’

धडा ‘इतिहासलेखन : भारतीय परंपरा’. त्यात अबुल फजल आणि त्याचं ‘अकबरनामा’ येतं. आता ज्या पिढीने २०१७ नंतरचं सातवीचं पुस्तक वाचलं, तिला हा प्रश्न पडणारच. त्या वर्षी राज्य मंडळाने सातवीचा इतिहास नव्याने लिहिला, मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आणला आणि मुघलांचा पसारा आवरून टाकला. तीन वर्षांनी तेच मूल दहावीत येतं आणि त्याला सांगितलं जातं की अकबराचा चरित्रकार मोठा इतिहासकार होता. म्हणजे चरित्रकार अभ्यासाला आहे, ज्याचं चरित्र तो लिहितो तो माणूस मात्र नीट भेटलेलाच नाही. पोरीने विचारलं ते बरोबरच होतं.

मग खोडलं का?

तिच्या इतिहासाच्या सरांनी गृहपाठ दिला होता. धडा घरी वाचायचा आणि वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करायच्या. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, महत्त्वाचं वाटलं तिथे उभी रेघ, आणि स्वतःला पडलेला एक तरी प्रश्न शब्दांत. दुसऱ्या दिवशी शेजारच्याशी पुस्तक बदलायचं. मला तर हे ऐकूनच त्या सरांचा हात हातात घ्यावासा वाटला. पण पुस्तकं बदलली गेली, शेजारच्या मुलीने हिचा प्रश्न मोठ्याने वाचला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘‘तुमचाच ना तो? तुलाच माहीत नाही?’’ वर्ग हसला. सर म्हणाले, शांत बसा, आणि पुढे गेले. एवढंच झालं. कोणी मारलं नाही, कोणी वाईट शिवी दिली नाही. पोरीने घरी येऊन समास साफ केला.

आता माझा भाग सांगतो, कारण तो टाळून हा लेख लिहिणं खोटेपणाचं होईल. तिने हे सगळं मला सांगितल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : ‘‘बरं केलंस खोडलंस. कशाला उगीच.’’ बहीणही तेच म्हणाली. दहावीचं वर्ष आहे, गप्प अभ्यास कर. इतिहासावर इतकी वर्षं लेख खरडणारा मी, आणि घरातल्या मुलीने विचारलेला एक साधा प्रश्न मला आधी धोका वाटला. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

या लेखात मला भांडायचं आहे ते फक्त पाठ्यपुस्तक मंडळाशी नाही. ते भांडण आहेच. पण आपण मुसलमान दर वेळी एकच भांडण करतो : कुठला धडा गेला, कुठला राजा वगळला, कुठला शब्द घातला. निवेदन देतो, निषेध करतो, फोटो काढतो. पुस्तक छापण्याचा अधिकार सरकारकडे असतो आणि तो ज्याचं सरकार त्याच्याकडे राहणार. समास मात्र वाचणाऱ्याचा असतो, आणि ती रिकामी पट्टी आपण फुकट सोडून दिली आहे.

सरकारने एकदा ही पट्टी मोठी करून दिली होती, हे किती जणांना आठवतं? मार्च २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला आणि त्या वर्षीपासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्याशेवटी कोरी पानं आली. वर शीर्षक, ‘माझी नोंद’. कारण दिलं गेलं ते दप्तराच्या ओझ्याचं आणि गरिबांच्या वह्यांच्या खर्चाचं. कारण काहीही असो, सरकारी पुस्तकात मुलाच्या नोंदीसाठी पान राखून ठेवलेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा निर्णय निघाला आणि ही पानं बंद झाली. अपेक्षेप्रमाणे वापर होत नाही, मुलं वेगळ्या वह्या आणतातच, असं सांगितलं गेलं. खरंच असेल ते. पण वापर होईल कसा? ज्या मुलाला बालवाडीपासून ‘पुस्तकात रेघ मारू नकोस’ असं बजावलं, त्याच्यापुढे अचानक कोरं पान ठेवलं तर तो फळ्यावरचं प्रश्नोत्तरच उतरवणार. नोंद ‘माझी’ कशी करायची हे कोणी शिकवलंच नाही. आणि नववी-दहावीला, जिथे मूल खरोखर वाद घालण्याच्या वयात येतं, तिथे ही पानं कधी पोहोचलीच नाहीत.

पुस्तक कोरं ठेवण्यामागे काही साधी कारणंही आहेत, त्यांची थट्टा करणार नाही. आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, पुढे विकत घ्यावी लागतात. वर्ष संपलं की स्वच्छ पुस्तक अर्ध्या किमतीला जातं किंवा धाकट्या भावंडाच्या कामी येतं. त्यात आपल्याकडे किताबीचा अदब. पाय लागला तर उचलून डोळ्याला लावायची. हिंदूंच्या घरातही तेच, तिथे पुस्तकात सरस्वती असते. पण पेन्सिल पुसता येते. आणि अदब म्हणजे न लिहिणं, हे आपल्या परंपरेत तरी कुठे आहे?

मदरशातलं एखादं जुनं छापील पुस्तक उघडून बघा. मध्ये मूळ मजकूर, म्हणजे मतन. त्यावर शरह. आणि चारही बाजूंच्या समासांत तिरक्या-उलट्या ओळींत बारीक अक्षरांत हाशिया. उर्दूत समासालाही हाशिया म्हणतात आणि समासातल्या टिपांनाही. मौलाना अहमद अली सहारनपुरींनी एकोणिसाव्या शतकात सहीह बुखारी छापली ती हाशियासकट, आणि त्या हाशियाचा शेवटचा भाग पुरा केला मौलाना कासिम नानौतवींनी. बुखारीपेक्षा जास्त अदब कुठल्या हदीसच्या किताबीचा? तिच्याभोवती लिहिणं हीच तिची खिदमत मानली गेली. हदीसच्या शास्त्राचा पायाच मुळी एका प्रश्नावर आहे : तुला हे कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी? सांगणाऱ्यांच्या साखळीत एक कडी कच्ची निघाली तर हदीस ‘जईफ’, मग ती कितीही गोड असो. हा वारसा असलेली माणसं व्हॉट्सअॅपवर आलेला इतिहास न विचारता पुढे ढकलतात!

कारण फक्त ‘त्यांचा’ फॉरवर्ड खोटा नसतो, आपलाही असतो. शिवाजी महाराजांच्या पदरी मुसलमान होते, हे खरं आहे. नूरखान बेग, आरमारातला दौलतखान, काझी हैदर यांचे उल्लेख आहेत, आणि गोविंद पानसरे यांच्या १९८८ च्या ‘शिवाजी कोण होता?’ने ही नावं घरोघरी नेली. पण त्याला जोडून सैन्यातल्या मुसलमानांच्या टक्केवारीचा एक आकडा फिरतो. त्याच्याखाली साधन कधीच नसतं. आग्र्याच्या सुटकेतल्या मदारी मेहतरची गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो, पण समकालीन कागदांत तिला भक्कम आधार मिळत नाही. माझ्या एका जुन्या लेखात मी तो टक्क्यांचा आकडा वापरला होता. भाचीने त्या लेखाची प्रिंट काढून ठेवली होती. त्या ओळीसमोर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘मामू, कुठे लिहिलंय?’ शोधलं, सापडलं नाही. तो आकडा मी मागे घेतो.

आणि आता औरंगजेब. जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटलं ते मोबाइलवरच्या स्टेटसवरून. मार्च २०२५ मध्ये नागपुरात त्याच्या कबरीच्या वादातून दंगल झाली. ज्या पोरांनी स्टेटस ठेवलं त्यांतल्या किती जणांनी औरंगजेबावर सलग दहा पानं वाचली होती? आणि ज्यांनी दगड उचलले त्यांनी? स्टेटस ठेवायला वाचावं लागत नाही. समासात लिहायला मात्र आधी ओळ वाचावी लागते. माझं आपल्या लोकांना उघड सांगणं आहे : औरंगजेब आपला आजोबा नाही. त्याची वकिली करणं हे आपलं काम नाही, आणि त्याच्या कृत्यांचा जाबही आपल्या पोरांनी द्यायचा नाही. जुलै २०२५ मध्ये आलेल्या एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात तर मंडळालाच एक टीप छापावी लागली, की भूतकाळातल्या घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. म्हणजे मजकूर काय परिणाम करणार याची धास्ती लिहिणाऱ्यालाही होती. सरकार आपल्याच पुस्तकाला टीप जोडतं, मग माझ्या भाचीने एक ओळ लिहिली तर वर्गाने का हसावं?

२०१७ च्या बदलांच्या वेळी सांगितलं गेलं की इतिहास महाराष्ट्राच्या दृष्टीने सांगायचा आहे. मान्य. मग खानदेश महाराष्ट्रात नाही का? ब्राह्मणपुरीची मुलं रोज ज्या प्रदेशाचं नाव सांगतात त्याच्या नावातच ‘खान’ आहे. गुजरातच्या सुलतानाने फारुकी राजांना ‘खान’ हा किताब दिला, त्यावरून खानदेश, असं एक मत. मूळ कान्हदेश, असं दुसरं. दोन्ही मतं फळ्यावर लिहा आणि मुलांना म्हणा, आता पुराव्याचं बोला! एवढा सुंदर तास दुसरा मिळणार नाही. फारुकींनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत इथे राज्य केलं. अकबराने अशीरगड घेतला तेव्हा ते संपलं. तापीच्या काठाने पूर्वेकडे गेलं की थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. आणि ज्या अबुल फजलच्या नावापाशी पोरगी अडखळली, त्याच्याच ‘ऐन-ए-अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे. तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्याच जिल्ह्यात पडलेलं होतं. एक शब्द जरी कोणी बोललं असतं तरी तो हशा तिथेच विरला असता.

आणि हे फक्त मुसलमान मुलांपुरतं नाही. आठवीच्या पुस्तकात नंदुरबारचा उल्लेख येतो तो १९४२ च्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबत गोळीबारात गेलेल्या लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम या मुलांसाठी. या मुलांची वयं काय होती, गोळी चालवण्याचा हुकूम कोणी दिला, घरच्यांचं पुढे काय झालं, हे समासात विचारायला कोणाची हरकत आहे? त्याच वर्गात भिल्ल आणि पावरा मुलं बसतात. याच शहाद्यात १९७० च्या दशकात त्यांच्या आजोबांनी गेलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी अंबरसिंग महाराजांबरोबर, श्रमिक संघटनेतून लढा दिला. नववीच्या पुस्तकाचा काळ १९६१ ते २००० असा आहे, म्हणजे हा लढा ऐन त्याच काळातला. त्या पोराने समासात ‘आमचे आजोबा?’ एवढंच लिहिलं तरी पुस्तक वेगळं दिसायला लागेल.

शिक्षक मंडळी म्हणतील, चाळीस गुणांचा पेपर आहे, समासात खेळायला वेळ कुठे. पेपरात ‘टिपा लिहा’ असा प्रश्न असतो, पण मुलं लिहितात ती टीप गाईडमधली असते, पाठ केलेली. दहावीच्या पहिल्याच धड्यात देकार्त येतो. संशयाला जागा आहे तोवर गोष्ट खरी मानू नये, असं सांगणारा माणूस. त्याच धड्याखाली स्वाध्याय : आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, योग्य पर्याय निवडा. शंका घ्यायला शिकवणारा धडा आपण गाळलेल्या जागा भरून संपवतो.

धोका मात्र मी नाकारत नाही. प्रश्न विचारणारा पाटील असेल तर तो हुशार ठरतो, खान असेल तर त्याच्या प्रश्नाला वास येतो, आणि आपल्या मुलींना हे आठवी-नववीतच कळतं. म्हणून सरांना माझी एक विनंती आहे, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. पुस्तकं बदलू नका. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता घ्या आणि स्वतः वाचून दाखवा. आणि कोणी ‘तुमचाच ना तो’ म्हणालं तर ‘शांत बसा’ एवढ्यावर सोडू नका. त्या वाक्यालाही प्रश्नचिन्ह लावा.

निघताना भाचीला म्हटलं, तो प्रश्न परत लिही. तिने मान हलवली, पण लिहिला नाही, आणि मी आग्रह धरला नाही. सांगण्याचा अधिकार मी त्या पहिल्या वाक्यातच घालवला होता. पुढच्या जूनमध्ये ते पुस्तक तिच्या धाकट्या भावाकडे जाईल. दुसऱ्या धड्यातला तो कागद अजून तसाच आहे, पातळ.