रानातल्या मुली आणि त्यांचा शिधा

इथे अमेरिकेत ‘विल्डरनेस थेरपी’ नावाचा एक प्रकार आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हाताबाहेर चाललीय असं वाटलं (ड्रग्ज, शाळा बुडवणं, हातावर स्वतःच करून घेतलेल्या जखमा...) की आईवडील तिला आठ-दहा आठवडे युटासारख्या राज्यातल्या वाळवंटी रानात पाठवतात. खर्च विचारू नका, पैसे दिवसावर मोजतात आणि आकडा काही शे डॉलर्सचा असतो.

आणि एवढं मोजून पोरगी खाते काय? तर तांदूळ, मसूर, राजमा, ओट्स, दुधाची पावडर, पीनट बटर, थोडे बेदाणे-दाणे. आठवड्याचा शिधा एकदम हातात मिळतो आणि पुरवायचा तिनेच. सोमवारीच बेदाणे फस्त केले तर शनिवारी नुसते ओट्स! ह्याला माझी मुळीच हरकत नाही. पाठीवर सामान घेऊन चालणं, ताडपत्रीखाली झोपणं, वाळूने भांडं घासणं, ह्यालाही नाही. सह्याद्रीत आपण हौसेने हेच करत होतो की. फक्त आपण आपल्या पायांनी गेलो होतो आणि आपल्या पायांनी परत येऊ शकत होतो. इथे पळून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी रात्री बूट काढून घेतात. झाडाआड गेलं तरी स्वतःचं नाव मोठ्याने म्हणत राहायचं, म्हणजे ताईंना कळतं की मुलगी तिथेच आहे.

माझं भांडण आहे ते विस्तवापाशी. काही शिबिरांत चूल काडेपेटीने पेटवायची नाही. धनुकलीसारख्या काठीला दोरी बांधून लाकडावर लाकूड घुमवायचं, ठिणगी पाडायची. नाही पडली तर धान्य पाण्यात भिजवून गारच खायचं. ह्याला म्हणे ‘नैसर्गिक परिणाम’ म्हणतात. पण अहो, काडेपेटी निसर्गाने नाही, माणसाने खिशात ठेवलीय! ही सरळसरळ शिक्षा आहे, आणि तीही पोटाची.

युटाच्या नियमांत दिवसाला किमान १८०० कॅलरीची अट घातली गेली. ऐकायला बरं वाटतं. पण इथल्याच सरकारी आहार-मार्गदर्शिकेत, १४ ते १८ वयाच्या, फारशी हालचाल न करणाऱ्या मुलीला साधारण तेवढ्याच लागतात. चालणाऱ्या-धावणाऱ्या मुलीला २४००. म्हणजे किमान आकडा सोफ्यावर बसलेल्या मुलीचा आणि चढण मात्र डोंगराची!

ओळखीतल्या एका मराठी घरात सध्या हा विचार चालू आहे. आईची झोप उडालीय, तिला नावं ठेवणं मला जमणार नाही. काही मुली तिथून खरंच सावरून येतात, हेही खरं. मी तिला एवढंच म्हटलं, माहितीपत्रकातले सूर्यास्त बघू नकोस. मुलीला विस्तव जमला नाही तर त्या रात्री ताटात काय पडतं ते विचार. आणि ती ‘बरं वाटत नाही’ म्हणाली तर कोण, किती वेळात बघतं ते.

कारण १९९० च्या मे आणि जूनमध्ये अशाच शिबिरांत एक १५ आणि एक १६ वर्षांची मुलगी गेली. एक शरीरातलं पाणी आटून, दुसरी उष्माघाताने. पहिलीला ओकाऱ्या होत होत्या, नीट दिसत नव्हतं आणि सोबतचे म्हणत होते, नाटक करतेय. अमेरिकन संसदेच्या लेखा-तपास कार्यालयाने २००७ मध्ये अशा १० मृत्यूंची प्रकरणं तपासली, त्यात अपुरं खाणंपिणं आणि अप्रशिक्षित माणसं होतीच. डिसेंबर २०२४ मध्ये ह्या विषयावर कायदाही झाला, पण तो मुख्यतः अभ्यास करा म्हणणारा.

तेव्हा पत्रांचंही सांगते. मुलींची पत्रं आधी तिथले थेरपिस्ट वाचतात. आईवडिलांना आधीच बजावलेलं असतं की सुरुवातीच्या पत्रांत रडगाणं असणार, विरघळू नका. असेल. रागाचं, शिव्याशापाचं पत्र खुशाल बाजूला ठेवा. पण ‘भूक लागते’ असं लिहिलं असेल, तर त्याच दिवशी फोन उचला.