पाकिटावर पत्ता घरचाच असतो

परदेशी शिकायला निघालेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामानाच्या याद्या फिरत असतात. कुकर इथून न्यायचा की तिथं घ्यायचा, मेतकूट किती घ्यायचं, अ‍ॅडॉप्टर कुठला, इथलं जॅकेट तिथल्या थंडीत चालेल का. बॅगेच्या वजनावर जेवढी चर्चा होते, तेवढी पंचवीस लाखांच्या कर्जावर होत नाही. कर्ज काय, बँकेत जाऊन सह्या केल्या, फी भरली गेली, झालं. पुढचं पुढं बघू.

पण हे ‘पुढचं’ येतं कुठं? तुमच्या मेलबर्नच्या किंवा बर्मिंगहॅमच्या खोलीवर नाही येत. ते येतं सांगलीच्या, जळगावच्या नाहीतर डोंबिवलीच्या घरी. बँकेच्या कागदावर पत्ता तोच असतो ना! पोस्टमन सही घेऊन जातो आणि पाकीट उघडतात बाबा. माझं म्हणणं एवढंच आहे की, आपण देश सोडतो तेव्हा आपल्या कर्जाचा पत्रव्यवहारही आपल्या मागोमाग आला पाहिजे. तो आईबाबांच्या दारात टाकून जायची वस्तू नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर कट्ट्यावर हमखास ऐकायला मिळतं. ‘अरे, तिकडं गेल्यावर कोण शोधत येतंय? सिम बदललं की विषय संपला. तीन वर्षं गप्प बसायचं, मग बँकपण काही करू शकत नाही.’ क्रेडिट कार्डाची थकबाकी, बाइकचे राहिलेले हप्ते आणि शिक्षणाचं कर्ज, सगळ्यावर हाच तोडगा. ऐकायला भारी वाटतो, पण तो कायद्यापुढं टिकत नाही.

पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, हे खरं. मात्र १९६३ च्या ज्या मुदत कायद्यात हे लिहिलंय, त्याच कायद्याचं कलम १५ असंही सांगतं की, ज्याच्यावर दावा करायचा तो माणूस जेवढा काळ भारताबाहेर असेल, तेवढा काळ मुदतीत धरायचाच नाही. म्हणजे आपण विमानात बसलो की आपल्यापुरतं घड्याळ थांबतं. आणि आपण कधीतरी थोडी रक्कम भरली किंवा कर्ज लेखी मान्य केलं, तर तीन वर्षांची मोजणी तिथून पुन्हा सुरू होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शैक्षणिक कर्जात आई किंवा बाबा बहुतेक वेळा सहकर्जदार असतात. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्ज जेवढं तुमचं, तेवढंच त्यांचं. मामांनी जामीनदार म्हणून सही केली असेल, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार त्यांची जबाबदारीही साधारण तुमच्याइतकीच. बँकेला तुम्हाला शोधत मेलबर्नला जायची गरजच काय? ती सरळ सांगलीला जाते.

आणि ती कशी जाते, तेही माहीत असू द्या. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. घर किंवा फ्लॅट तारण असेल, तर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस पाठवू शकते. त्या मुदतीत पैसे भरले नाहीत, तर तारणाचा ताबा घेण्याचा मार्ग तिला मोकळा होतो. थकबाकीची नोंद फक्त तुमच्याच नावावर होत नाही, सहकर्जदाराच्या सिबिलवरही होते. उद्या धाकट्या बहिणीच्या इंजिनीअरिंगसाठी बाबा कर्ज मागायला गेले, तर समोरचा अधिकारी आधी तीच नोंद बघतो. आपण केलेल्या दुर्लक्षाची फी तिनं का भरायची?

आता कोणी म्हणेल, सगळेच काही बुडवायला जात नाहीत. अगदी बरोबर. बुडवणारे थोडे असतात, अडकणारे जास्त. कोर्स संपतो, नोकरी मिळत नाही, व्हिसाची मुदत जवळ येते आणि दुकानातल्या पार्टटाइम कामात खोलीभाडंही जेमतेम सुटतं. इकडं कर्ज मात्र वाढतच असतं. हप्ता सुरू झाला नसला तरी व्याज सुरू असतं, हे कित्येकांना शेवटपर्यंत उमगत नाही. २५ लाखांवर ११ टक्क्यांनी सरळव्याज वर्षाला पावणेतीन लाख होतं. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं, तर दोन वर्षांचा कोर्स आणि वरचं एक वर्ष मिळून सव्वाआठ लाख. पहिल्या हप्त्याआधीच!

अशा वेळी खरा घात करतं ते दोन्हीकडचं गप्प बसणं. तिकडं पोरगा म्हणतो, ‘बाबांना कशाला टेन्शन? जॉब लागला की सांगतो.’ इकडं बाबा आईला म्हणतात, ‘पोरगं एकटं आहे तिकडं, परीक्षा चालू आहे, पत्राचं त्याला काही सांगू नकोस.’ रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडं सगळं ‘मस्त’ असतं. पाकिटं कपाटात साठत राहतात. प्रेमापोटीच चाललेलं असतं हे सगळं, पण त्या गप्प बसण्याच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बँक लावतेच.

गप्प का बसतो आपण? लाज वाटते म्हणून. आपल्याकडं थकलेलं कर्ज म्हणजे चारित्र्यावरचा डाग. पण हप्ता भरता न येणं हा मुळात गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. फसवणूक केली किंवा चेक बाउन्स झाला, तर गोष्ट वेगळी. आणि पत्राला उत्तर देणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी परतफेडीला सवलतीची मुदत देण्याचा विचार केलेला आहे. खासगी वित्तसंस्थांचे नियम वेगळे असतात, तरी हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. सरफेसीच्या नोटिशीवर लेखी हरकत घेतली आणि ती मान्य झाली नाही, तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. हे सगळं मागितलं तरच मिळतं, आणि मागायचं असेल तर पाकीट उघडावं लागतं.

बँकाही काही साध्यासुध्या नसतात. वसुली एजंट वडिलांना रात्री फोन करतात, शेजाऱ्यांसमोर बोलतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय की, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही. बँकेकडं लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. पण ही लढाई साठीतल्या बाबांनी एकट्यानं का लढायची? ईमेल तुम्ही लिहा. लॅपटॉप तुमच्याकडं आहे, इंग्रजी तुमचं बरं आहे आणि कर्ज तुमच्या शिक्षणाचं आहे.

म्हणून निघण्याआधी एक दुपार काढा. प्रत्येक बँकेला लेखी कळवा की पत्रं ईमेलवरही पाठवा, आणि परदेशातला पत्ता मिळाला की तोही द्या. बचत खातं एनआरओ करून घ्या आणि हप्त्याची ऑटो डेबिट त्यावर नीट चालते का, ते बघा. न लागणारं क्रेडिट कार्ड शिल्लक फेडून बंद करा. नुसतं कापून चालत नाही. इथलं सिम चालू ठेवा. ९० दिवस वापरलं नाही तर नंबर बंद होऊ शकतो, आणि मग ओटीपी नाही म्हणून स्वतःचंच खातं उघडता येत नाही. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून जुनं काही लटकलंय का बघा. कोणी एजंट स्वतःच्या यूपीआयवर पैसे मागत असेल, तर द्यायचे नाहीत. पैसे फक्त कर्जखात्यात जातात.

आणि घरच्यांशी एक करार करा. पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो काढून पाठवायचा, काळजी वाटेल म्हणून लपवायचं नाही. तुम्हीही नोकरी नाही तर नाही म्हणून सांगायचं. ज्यांचा व्हिसा अजून यायचाय, त्यांनी आजच विचारा, ‘बाबा, कर्जाची फाइल कुठं ठेवलीय?’ आणि चहा होईपर्यंत दोघांनी मिळून ती एकदा वाचून काढा.