लेखाची एक्सपायरी तारीख

तुमच्यापैकी बरेचजण दवाखान्यात येण्याआधी फोनवर काहीतरी वाचून येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाचलेला पेशंट प्रश्न नीट विचारतो आणि औषधंही वेळेवर घेतो, असा माझा अनुभव आहे. पण जे वाचलं ते कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं, हे तुम्ही पाहता का?

गेल्या ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, तालुक्यातल्या एका वाडीवरून नऊ वर्षांच्या मुलाला आणलं. चिऱ्यांच्या ढिगाजवळ खेळताना विंचू चावला होता. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार. लाल विंचवाचं विष अंगात भिनल्याची ही लक्षणं. मी प्रॅझोसिनची गोळी दिली आणि सिस्टरना प्रतिविष काढायला सांगितलं. तेवढ्यात मुंबईहून आलेला मुलाचा काका फोन घेऊन पुढे आला. "डॉक्टर, गोळीने भागतं ना? लशीची गरज नाही, असं इथे डॉक्टरनेच लिहिलंय."

मी वाचलं. वाक्यं ओळखीची वाटली, कारण ती माझीच होती. २००८ साली लिहिलेला माझा लेख, शब्दन् शब्द, कुठल्यातरी आरोग्याच्या संकेतस्थळावर. माझं नाव नव्हतं, तारीखही नव्हती. "अहो, तो डॉक्टर मीच," हे सांगून त्यांना पटेना, आणि का पटावं? पंधरा मिनिटं गेली. मूल तिसऱ्या दिवशी घरी गेलं, पण अशा वेळी पंधरा मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत.

तो लेख लिहिला तेव्हा चुकीचा नव्हता. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर आणि फुफ्फुसांवर काय परिणाम होतो, याचं निदान करायची लक्षणं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथून जवळच्या महाड परिसरात काम करताना टिपली. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. प्रॅझोसिनचा उपयोग होतो हे त्यांनी १९८६ साली तिथेच मांडलं. माझ्या पिढीचे डॉक्टर त्यावरच शिकले, म्हणून २००८ च्या लेखात माझा सगळा भर गोळीवर होता. मग २०११ साली डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ७० रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. गोळीबरोबर प्रतिविषही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. त्यानंतर मी माझा लेख बदलला. ज्यांचा भर गोळीवर होता, त्यांनीच पुढचा अभ्यास करून त्यात भर घातली. विज्ञान असंच चालतं. पण माझ्या लेखाची जी नक्कल आधीच उचलली गेली होती, ती २००८ मध्येच अडकून राहिली.

ही नक्कल होते कशी? नवा लेख आला की वाचकाला वर्दी मिळावी म्हणून संकेतस्थळांवर 'फीड' नावाची सोय असते. काही लोक तिला एक प्रोग्रॅम जोडून ठेवतात. तो दर तासाला येतो, पूर्ण मजकूर उचलतो आणि त्यांच्या पानावर जाहिरातींसह टाकतो. मध्ये एकही माणूस तो लेख वाचत नाही. मी केलेली दुरुस्ती त्यांच्याकडे पोचत नाही, कारण यंत्राच्या लेखी तो लेख 'झालेला' असतो.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेख लिहिला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. टीकेसाठी, परीक्षणासाठी, स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापर चालतो, अख्खा लेख उचलून जाहिराती लावणं त्यात बसत नाही. जाणूनबुजून असं केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे. कलम ५७ मला जास्त जवळचं वाटतं. लेखकाने हक्क विकले तरी लेखाखाली आपलं नाव असण्याचा, आणि मोडतोड करून आपली अब्रू घालवली तर आक्षेप घेण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, असं ते सांगतं.

आता दुसरी बाजू. माहितीवर कोणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली सांगितलं की संरक्षण मांडणीला आहे, कल्पनेला नाही. आपल्याकडे उपचाराच्या पद्धतीवर पेटंटही मिळत नाही. म्हणून बावस्करांचं ज्ञान मी फुकट वापरतो, आणि माझ्या लेखातली माहिती तुम्ही तुमच्या शब्दांत खुशाल गावभर सांगा. माझं पैशाचं काही नुकसान होत नाही. मराठीत वाचण्यासारखं आरोग्यविषयक लेखन मुळात कमी, ते पसरलं तर बरंच. आणि खरं सांगायचं तर सकाळी सहा वाजता बिननावाचे लेख पुढे ढकलणाऱ्यांत मीही होतो.

पण मेडिकलवाल्याने स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या आणि नेमका एक्सपायरीचा तुकडा त्याच्याकडेच राहिला, तर तुम्ही घ्याल का त्या गोळ्या? नाव आणि तारीख काढलेला आरोग्याचा लेख मला तसाच वाटतो. आत औषध चांगलंही असेल. पण विचारायचं कोणाला?

नाव ठेवलं की प्रश्न सुटतो असंही नाही. एका नकलेत माझं नाव व्यवस्थित होतं, आणि शेजारी सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात. दोन आजींनी मला विचारलं, "डॉक्टर, तुमचं ते तेल कुठे मिळतं?" वैद्यकीय आचारसंहितेनुसार मी कुठल्याही मालाची शिफारस करू शकत नाही. फोटोंचंही तसंच. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याची ओळख पटेल असं काही आम्ही छापू नये, असा २००२ चा नियम आहे. एका बाईंनी आधी परवानगी दिली, मग मुलीचं लग्न ठरल्यावर पायाच्या जखमेचा फोटो काढायला सांगितला. मी त्याच दिवशी काढला. यंत्राने उचललेला अजून कुठेतरी असेल, आणि त्यांना काय सांगावं मला कळत नाही.

मी दोन्ही संकेतस्थळांना लिहिलं. एकाने माफी मागून लेख काढला. दुसऱ्याकडून उत्तर नाही. नुसता दुवा देणाऱ्या कंपन्यांना लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत तो बंद करावा लागतो. पण २१ दिवसांत मी कोर्टाचा आदेश आणला नाही, तर त्या तो पुन्हा सुरू करू शकतात. माणगावात ओपीडी सोडून कोर्टात कोण जाणार? म्हणून आता प्रत्येक लेखाच्या पहिल्याच वाक्यात मी माझं नाव आणि तारीख लिहितो. यंत्र उचलेल तर तेही उचलेल.

लेख आवडला तर पुढे मजकूर नको, दुवा पाठवा. दुरुस्ती झाली तर समोरच्याला दुरुस्त केलेलाच लेख दिसेल. आणि विंचवाच्या दंशावरचा लेख फोनवर साठवलेला असेल, तर आत्ताच उघडून पाहा. त्यात 'प्रतिविष' हा शब्द नसेल तर तो पुसून टाका.