दुखणे रेड्याला, डाग पखालीला



२०२५ सालापर्यंत जगातून बालमजुरी हद्दपार करू, असा ठराव जगभरच्या सरकारांनी २०१५ साली संयुक्त राष्ट्रांत केला होता. २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी हिशेब मांडला, तेव्हा १३ कोटी ८० लाख मुले मजुरीत होती. शंभरातली एकसष्ट शेतीत. कारखान्यात नव्हे, भट्टीवर नव्हे, हॉटेलात कपबशा विसळायला नव्हे, शेतात.

आणि आपल्या देशात कार्यक्रम कोणासाठी चालले? १९८६ चा कायदा कारखान्याकडे आणि भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. १९८८ पासून राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प आला, त्याच्या डोळ्यांपुढे शिवकाशीच्या काडेपेट्या, मिर्झापूरचे गालिचे, फिरोजाबादच्या बांगड्या. पुढे अमेरिकेच्या पैशाच्या भागीदारीने इंडस प्रकल्प आला. त्यात महाराष्ट्रातून अमरावती आणि जालना हे जिल्हेही घेतले होते. धोकादायक म्हणून दहा धंदे निवडले: विडी, वीट, काच, कुलूप, फटाके, दगडखाण वगैरे. कापूस नव्हता. अमरावती आणि जालना जिल्ह्यांत पोर शोधायला निघालेल्या माणसाला पऱ्हाटी दिसत नसेल, तर त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. तिथे पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवतात. खताचा प्रयोग करायचा, तर शेजारी बिनखताचा वाफा ठेवायचा, तोही एक नव्हे, चार ठिकाणी. कारण पाऊस बरा झाला की खत न घातलेली पऱ्हाटीही डोक्याएवढी वाढते आणि एजंट सांगतो, ही आमच्या पोत्याची करामत. बिनखताचा वाफाच नसेल तर त्याला खोटे कोण पाडणार?

जनगणनेत २००१ साली पाच ते चौदा वयाची १ कोटी २६ लाख मुले कामावर नोंदली गेली, २०११ साली १ कोटी १ लाख. घट झाली, नाही कोण म्हणतो? पण त्याच दहा वर्षांत शाळेत शिजवलेले जेवण आले, रोजगार हमी देशभर गेली, शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला, घरटी मुले कमी झाली. यांतल्या कोणत्या पावसाने पीक आले? प्रत्येक खाते म्हणते, आमच्या पोत्याने. आणि नोंद तरी कशी होते? आई वेचणीला जावी म्हणून दहा वर्षांची मुलगी घरी बसून धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. जनगणनेच्या रकान्यात ती कामगार नाही. शाळेच्या पटावर नाव आहे, वर्गात नाही. तिचे निर्मूलन झाले, ते दोन्ही रकान्यांतून.

शाळेचा आकडा घेतात जूनचा, प्रवेशोत्सवाचा. फुगे लावतात, गुलाबाचे फूल देतात, फोटो काढतात. आपले पोर शेतात असते ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. ज्या महिन्यात रोग येतो त्याच महिन्यात निरीक्षण घ्यावे, हे कृषिसहायकालाही कळते. बालकामगार प्रकल्पाच्या शाळांतून अमुक इतकी मुले मुख्य प्रवाहात आणली, असे अहवाल वर्षानुवर्षे निघाले. २०२१ साली तो प्रकल्प समग्र शिक्षा योजनेत विलीन झाला. मुख्य प्रवाहात सोडलेले पोर पुढच्या दिवाळीला कोणत्या काठावर होते, हा प्रश्न अहवालाच्या नमुन्यात नव्हता.

आता बियाण्याचे पाकीट घेऊ. ते आपण सगळेच फोडतो.

१९७० साली सुरतेच्या केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ वाण दिला. व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस आपल्या देशात झाला, ही अभिमानाची गोष्ट. पण संकरित बियाणे हाताने करावे लागते. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर नखाने सोलायची, आतले पुंकेसर अलगद काढायचे, खूण म्हणून कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल आणून पराग लावायचे. एकेका झाडाची एकेक कळी, रोज, दोन-अडीच महिने. एकरी आठ-दहा जोडी हात लागतात. कळी सुटली तर बियाण्याच्या शुद्धतेची चाचणी नापास, आणि सगळा लॉट शेतकऱ्याच्या बोडक्यावर.

हे हात कोणाचे? आंध्र आणि तेलंगणात कुर्नूल-महबूबनगर पट्ट्यात बहुतेक मुलींचे, आईबापांना उचल देऊन हंगामभर बांधून घेतलेल्या. गुजरातच्या बनासकांठा-साबरकांठ्यात उदयपूर-डुंगरपूरहून मुकादमाने गाडीत घालून आणलेल्या आदिवासी पोरांचे. आपल्याकडच्या प्लॉटवर ‘क्रॉसिंगला’ कोण जाते, ते तुम्हांला मी सांगायला नको. मुलांची बोटे नाजूक असतात, झाड त्यांच्या उंचीचे असते, असे म्हणतात. थोतांड आहे. हे काम मोठी बाई तितकेच नीट करते, पण ती मोठ्या माणसाची मजुरी मागते.

हैदराबादचे संशोधक दावुलुरी वेंकटेश्वरलू यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. २००५ सालच्या अभ्यासात त्यांनी सोबतच्या संशोधकासह उत्पादन खर्चाचा हिशेब मांडला, आपण कापसाचा मांडतो तसाच. निष्कर्ष सरळ होता: कंपनी बियाण्याला जो खरेदीभाव देते, त्यात मोठ्या माणसाची चालू मजुरी बसत नाही. म्हणजे करारावर सही होते तेव्हाच पोराची हजेरी लागलेली असते. शेतकरी फक्त हाक मारतो.

त्याच सुमारास गवगवा झाल्यावर काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कार्यक्रम काढले. तपासनीस नेमले, पोर सापडले तर करार रद्द असा दम दिला, आणि पोर न लावणाऱ्याला भावावर पाच टक्के बोनस. त्यांच्या प्लॉटवर चौदाखालची मुले फार थोडी उरली. अहवाल चकचकीत निघाले. पण फवारणी केलेल्या शेतात तुडतुडे मोजून काय होते? शेजारच्या धुऱ्यापलीकडे जाऊन मोजा. बियाण्याचे प्लॉट नव्या भागांत आणि लहान शेतकऱ्याकडे सरकले, जिथे मजूर लावायचा नाही, घरचीच माणसे, म्हणजे घरचीच पोरे. चौदाची मुलगी गेली, तिच्या जागी पंधराची आली. २०१५ साली वेंकटेश्वरलू यांचाच अहवाल निघाला: देशात कापूस बियाण्याच्या कामावर अठराखालची जवळपास पाच लाख मुले, त्यांत सुमारे दोन लाख चौदाखालची. आणि २०१६ साली बालकामगार कायद्याची दुरुस्ती झाली. चौदाखाली सर्व कामांना बंदी. मात्र शाळा सांभाळून घरच्यांना मदत करायला मुभा. शेतातल्या पोराला ‘घरचे’ ठरवायला किती वेळ लागतो? पाहणीवाल्याची गाडी बांधापर्यंत येईस्तोवर लागतो तेवढा.

बंदीची हीच गत परदेशात झाली. १९९२ साली अमेरिकेत हार्किन यांचे विधेयक आले, की मुलांनी शिवलेला माल आयात करायचा नाही. विधेयक पास होण्याआधीच बांगलादेशच्या शिलाई कारखान्यांनी मुलांना बाहेर काढले. युनिसेफचा अंदाज पन्नास हजारांचा. मागाहून शोधले तेव्हा त्यांतली कित्येक खडी फोडताना, रस्त्यावर, त्याहून वाईट धंद्यात सापडली. कारखान्याच्या दारात मोजले असते तर यश शंभर टक्के. आपल्या १९८६ च्या कायद्याचेही तेच. प्रशांत भारद्वाज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे कायद्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. बंदीनंतर मुलांची मजुरी घसरली आणि चौदाखालची मुले कामावर वाढली. कारण साधे आहे. पकडले जाण्याची जोखीम मालकाने मजुरीतून कापून घेतली, आणि घरात तेवढेच पैसे यायला एकाऐवजी दोन पोरे लागली.

मग घट झाली कुठे? व्हिएतनाममध्ये. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने तांदळाच्या निर्यातीवरची बंधने टप्प्याटप्प्याने सैल केली. तांदळाचा भाव चढला. एडमंड्स आणि पावसनिक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीच कुटुंबे १९९३ आणि १९९८ साली ताडली. त्या काळात तिथे बालमजुरी जी घटली, त्यातली जवळजवळ निम्मी घट भाववाढीच्या खात्यावर जाते, असे त्यांना आढळले. सर्वांत जास्त सुटका हायस्कूलच्या वयाच्या मुलींची. ना धाड, ना बोनस, ना गुलाबाचे फूल.

आता इकडे बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या पऱ्हाटीला पात्या लागल्या असताना, दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत; म्हणजे ऐन वेचणीत. गिरण्यांसाठी काढले. पोरांवर त्याचा परिणाम काय, याचा एक कागद तरी कोणी केला? बालमजुरीवर परिणाम करणारा त्या वर्षातला सर्वांत मोठा सरकारी कार्यक्रम तोच होता. त्याचे मूल्यमापन कोणी मागत नाही, कारण तो वाणिज्याच्या फायलीत आहे, बालकल्याणाच्या नाही.

इथपर्यंत टाळ्या पडतील, मला ठाऊक आहे. पुढचेही ऐका.

आपल्यातले काही कार्यकर्ते सभेत म्हणतात, भाव द्या, पोर आपोआप शाळेत जाईल. आपोआप काही होत नाही. व्हिएतनाममध्ये भाव मिळाला तो तांदूळ विकणाऱ्याला. उद्या कापूस चढला आणि आपण वेचणीचा दर तोच ठेवला, तर मजुराच्या पोराने काय करावे? पाकिस्तान आणि घानातल्या अभ्यासात तर असे दिसले, की जमीन असलेल्या घरातल्या मुली भूमिहीनांच्या मुलींपेक्षा शेतात जास्त राबतात. जमीन आहे, मजूर परवडत नाही किंवा मिळत नाही, घरची मुलगी फुकट आहे.

आणि तेव्हाच्या आंध्रात रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून जे केले, त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. त्यांनी आईबापांना एक पैसा भरपाई दिली नाही. शाळेत नाही ते प्रत्येक मूल बालमजूरच, एवढी एकच व्याख्या धरली आणि गावच्या गाव मागे लागले. त्यांत अर्धपोटी मजुरांची घरे होती. त्यांनीही मुले शाळेत घातली. म्हणजे गरिबी हे एकच कारण नाही. गावाने हे चालवून घेणे, हेही कारण आहे. ते कारण दिल्लीत नाही, आपल्या चावडीवर आहे.

आपल्या वेचणीचेच घ्या. मजुरी किलोवर. आईच्या ओटीतला आणि मुलीच्या ओटीतला कापूस संध्याकाळी एकाच गाठोड्यात येतो, काटा एकदाच लागतो, वहीत नाव आईचे. मुलीने दिवसभरात वेचलेले पंधरा-वीस किलो कोणत्याही पाहणीत येत नाहीत. काट्यापाशी उभा असलेला मात्र सगळे जाणतो. काट्यापाशी आपणच असतो. बाईने एकटीने वेचून तिचा रोज निघेल इतका किलोचा दर असेल, तर ती लेकीला शाळेतून ओढणार नाही. शेवटच्या वेचणीला, कवडी कापसाला, दर दीडपट लागतो, कारण झाडावर बोंड कमी. तो आपण देतो का?

मुलींच्या एस.टी.च्या मोफत पासाचे म्हणाल तर तो १९९६ पासून आहे. हायस्कूलच्या वेळेला गाडी आहे का, ते आधी पाहू.

म्हणून माझे म्हणणे असे, की मूल्यमापन आपण करावे. जूनमध्ये नव्हे, नोव्हेंबरात. पटावर नव्हे, वर्गात. सुटलेले पोर दारात मोजायचे नाही, पुढच्या हंगामात मोजायचे. बियाण्याच्या कंपनीला विचारायचे, किती धाडी घातल्या हे सांगू नका. खरेदीभावात मोठ्या बाईची मजुरी धरली का, तो हिशेब दाखवा. सरकार पाकिटाची कमाल किंमत ठरवते, मग प्लॉटवाल्याच्या खरेदीभावाला तळ का नाही? आणि स्वतःच्या काट्यावर, चौदाखालच्या पोराचा कापूस तोलायचा नाही.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. शाळेच्या हजेरीपटावरून सप्टेंबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांची हजेरी, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. दुसरा, गेल्या हंगामातला वेचणीचा किलोमागचा दर. पहिल्या वेचणीला किती आणि शेवटच्या वेचणीला किती. ज्या गावांत बियाण्याचे प्लॉट आहेत, त्यांनी कंपनीचा करारही आणावा. झेरॉक्स चालेल, पण मागची पाने सोडू नयेत. भावाचे कलम बहुधा तिथेच असते.