चित्रपट २०२७ चा, अफवा आत्ताच्या

कुंडल, ता. पलूस (जि. सांगली) : 'श्रेक' या हिरव्या राक्षसाच्या विनोदी अॅनिमेशनपटांच्या मालिकेतील पाचव्या चित्रपटाची तारीख २०२५ या एका वर्षात दोनदा बदलली. ड्रीमवर्क्स आणि युनिव्हर्सल यांनी जुलै २०२४ मध्ये १ जुलै २०२६ हा दिवस जाहीर केला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो २३ डिसेंबर २०२६ वर गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० जून २०२७ वर. मोबाइलच्या पडद्यावर मात्र हा चित्रपट केव्हाच येऊन दाखल झाला आहे. कुंडलच्या बाजारपेठेत उभे राहून शोध घ्यावा किंवा पुण्यात कोथरूडला बसून. कुणीही न काढलेली पोस्टरे, कुणीही न लिहिलेली कथानके आणि 'अधिकृत' असा शिक्का मारलेले बनावट ट्रेलर सारख्याच तत्परतेने समोर येतात.

विनोदी कार्टूनपटाभोवतीचा हा गलबला पोरकट वाटण्याची शक्यता आहे. परंतु या गलबल्याला आता बाजारभाव आला आहे, आणि ज्याला खरा चित्रपट सर्वांत उशिरा पाहायला मिळतो, त्याच्या वाट्याला या बाजारातला सर्वाधिक निकस माल येतो. शहरापासून दूर राहणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तरी हा विषय गंभीर आहे.

'श्रेक'पुरते पाहायचे तर सगळा दोष चाहत्यांच्या माथी मारता येणार नाही. गाढवाला आवाज देणारे अभिनेते एडी मर्फी यांनी २०२४ च्या जूनमध्ये, म्हणजे अधिकृत घोषणेपूर्वीच, एका मुलाखतीत चित्रपट २०२५ मध्ये येणार असल्याचे सांगून टाकले होते. पुढल्याच महिन्यात कंपनीने २०२६ सांगितले. घरच्याच माणसाने सांगितलेली तारीख चुकीची ठरते, तेव्हा बाहेरच्यांनी तर्क लढवले तर त्यांना बोल कसा लावणार? फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस पहिली झलक आली. जादूचा आरसा, त्यासमोर पिनोकिओ, आणि आरशात चाहत्यांनीच वर्षानुवर्षे इंटरनेटवर रचलेल्या 'श्रेक'च्या टवाळखोर चित्रांची रांग. चाहत्यांची थट्टा उचलून तिचीच जाहिरात करायची, ही हुशारी मान्य करावी लागेल. पण झाले भलतेच. श्रेकचे डोळे, नाक, चेहऱ्याची ठेवण बदलली आहे, अशी ओरड सुरू झाली आणि 'सोनिक'प्रमाणे चेहरा पुन्हा काढा, अशी मागणी पुढे आली.

या मागणीमागे एक घडलेला प्रसंग आहे. 'सोनिक द हेजहॉग'चा पहिला ट्रेलर एप्रिल २०१९ च्या अखेरीस आला, तेव्हा त्या निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात पाहून प्रेक्षक बिथरले. निर्मात्यांनी चेहरा नव्याने घडवला, प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर ढकलले आणि चित्रपट चांगला चालला. तेव्हापासून प्रत्येक कार्टूनपटाच्या चाहत्याला आपण ओरडलो तर चित्र बदलते, असा अनुभवसिद्ध विश्वास वाटू लागला आहे. म्हणूनच 'श्रेक'ची तारीख लांबताच 'चेहरा बदलायला घेतला' हे अनुमान बातमीच्या थाटात फिरले.

बनावट ट्रेलरचा धंदा

यापुढची पायरी पैशांची आहे. 'डेडलाइन' या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने मार्च २०२५ मध्ये बनावट ट्रेलरच्या धंद्याची पाळेमुळे खणली. त्यात ठळकपणे आलेल्या दोन यूट्यूब वाहिन्यांपैकी 'स्क्रीन कल्चर' ही भारतातील. जुन्या चित्रपटांतील खरे तुकडे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली दृश्ये यांची सरमिसळ करून आगामी चित्रपटांचे ट्रेलर पाडायचे, हा तिचा उद्योग. 'फँटॅस्टिक फोर'च्या एकाच चित्रपटासाठी तिने तेवीस ट्रेलर काढले होते आणि त्यांतले काही शोधयादीत खऱ्या ट्रेलरच्याही वर दिसत होते. या दोन वाहिन्यांचे मिळून वीस लाखांहून अधिक वर्गणीदार होते आणि त्यांच्या चित्रफिती शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या होत्या. यूट्यूबने आधी त्यांचे जाहिरातींचे उत्पन्न रोखले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही वाहिन्या बंद केल्या.

मात्र त्या वृत्तातील सर्वांत बोलका तपशील वेगळाच होता. हॉलिवूडमधील काही मोठ्या कंपन्यांनी हे बनावट ट्रेलर हटवण्याची मागणी करण्याऐवजी त्यांवरील जाहिरातींचा पैसा आपल्याकडे वळवून घेतला होता. आपल्याच चित्रपटाविषयीची खोटी माहिती कंपनीला खपवून घ्यावीशी वाटते, कारण त्या खोट्यातही कमाई आहे आणि शिवाय चर्चा फुकटात होते. अफवा उठते ती चाहत्यांच्या उतावीळपणातून, हे खरे; पण ती टिकते कशी, याचे उत्तर इथे सापडते.

आपल्याकडे कायदा यात कुठे आहे? सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने चोरट्या चित्रीकरणाला किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कैदेची तरतूद केली. पण जो चित्रपट तयारच झालेला नाही, त्याची चोरी कशी होणार! कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या दृश्यांवर तशी नोंद सक्तीची करणारे केंद्राचे नियम फेब्रुवारी २०२६ मध्ये आले. ते अशा चित्रफितींना लागू पडू शकतात, परंतु एका फोनवरून दुसऱ्यावर पुढे ढकलल्या गेलेल्या, कापलेल्या तुकड्यावर ती नोंद शिल्लक राहील याची शाश्वती कोण देणार?

शिनचॅनची 'खरी गोष्ट'

'श्रेक' हा इंग्रजी जाणणाऱ्यांचा लाडका. महाराष्ट्रातील घराघरांत खरा मुक्काम आहे तो जपानी शिनचॅनचा. २००६ मध्ये तो हंगामा वाहिनीवरून भारतात आला, २००८ मध्ये त्याच्या आगाऊपणावरून केंद्र सरकारने त्याचे प्रसारण थांबवले आणि पुढल्या वर्षी काटछाट होऊन तो परतला. त्याचा बत्तिसावा चित्रपट चक्क भारतात घडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात शिनचॅन आणि त्याचे सवंगडी नाचण्यासाठी भारतात येतात. साहजिकच इथल्या चाहत्यांत त्याची चर्चा महिनोन् महिने चालली.

या चर्चेला एक जुनी, काळी किनार आहे. शिनचॅन हा खरा मुलगा होता, बहीण हिमावारीला वाचवताना मोटारीखाली सापडून दोघेही गेले आणि शोकाकुल आईने काढलेल्या चित्रांवरून ही मालिका रचली गेली, ही गोष्ट न ऐकलेला शाळकरी मुलगा विरळा. प्रत्येक नव्या चित्रपटाच्या वेळी 'हा शेवटचा' अशी पुस्ती जोडून ती पुन्हा फिरते. ती खोटी आहे हे दाखवायला फार संशोधनाची गरज नाही. योशितो उसुई यांची चित्रकथा १९९० मध्ये सुरू झाली आणि हिमावारी त्यात अवतरली १९९६ मध्ये. बहिणीच्या मृत्यूवरून सुचलेल्या कथेत बहीण सहा वर्षे नसावी, हे कसे? दुःखद घटना घडली ती प्रत्यक्षात लेखकाबाबत. स्वतः उसुई सप्टेंबर २००९ मध्ये डोंगरावरून पडून मरण पावले. ती बातमी त्रोटक स्वरूपात इथे आली आणि दंतकथेला एका खऱ्या मृत्यूचा टेकू मिळाला, असे म्हणण्यास जागा आहे. जपानी भाषेत या साऱ्याचा खुलासा सहज मिळतो. मराठीत तो मुलांपर्यंत पोहोचवण्याची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही.

कुंडलचा अनुभव

नेमक्या याच ठिकाणी कुंडलचा संदर्भ उपयोगी पडतो. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे हे केंद्र. तूफान सेनेचे क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड इथलेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला, तेव्हा युद्धकाळातील निर्बंधांमुळे वृत्तपत्रांतून सारे छापून येणे शक्य नव्हते. बातमी तोंडोतोंडी गेली. फितुरांच्या पायांना पत्रे ठोकतात, अशी वदंता पसरली आणि 'प्रतिसरकार'चे 'पत्रीसरकार' झाले. प्रत्यक्षातील शिक्षा बहुधा तळपायांवर काठीचे फटके अशी होती. नाव मात्र वदंतेचेच टिकले, ते आजतागायत. स्वातंत्र्यलढा आणि कार्टूनपट यांची तुलना करण्याचा हेतू अर्थातच नाही. खात्रीची माहिती जिथे पोहोचत नाही तिथे ऐकीव माहिती घर करते, ही प्रक्रिया तेवढी दोन्हीकडे एकच आहे.

त्या काळी माहिती रोखली जात होती. आज ती रोखलेली नाही, ती या भागाकडे पाठवलीच जात नाही. हॉलिवूडचे अॅनिमेशनपट भारतात इंग्रजीसह हिंदी, तमिळ, तेलुगूत येतात. मराठी आवाज त्यांना क्वचितच लाभतो. त्यांचे खेळ लागतात बहुपडदा चित्रगृहांत, म्हणजे या परिसरासाठी सांगलीत किंवा कोल्हापुरात. दोन मुलांसह तिथे जाऊन येणे हा चौघांचा तिकिटे, प्रवास आणि खाणेपिणे असा दिवसभराचा खर्च असतो. तंबूतल्या टॉकीज यात्रांमधून फिरत होत्या तेव्हा चित्रपट उशिरा येई, पण गावात येई. आता त्याऐवजी येतो तो 'पूर्ण चित्रपट इथे पाहा' असे सांगणारा दुवा. त्यावर बोट ठेवणारा मुलगा असतो आणि फोन बहुतेक वेळा वडिलांचा, त्यांच्या बँक खात्याशी जोडलेला.

हसऱ्या चित्रांचे या परिसराला वावडे आहे, असेही नाही. कुंडलच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये निघालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढत. मराठी माणसांच्या 'प्रभात'ने १९३४ मध्येच 'जंबू काका' हा कोल्ह्यावरचा कार्टूनपट केला होता. परंपरा आहे, तिला पुढे नेणारा मराठी विनोदी कार्टूनपट मात्र नाही.

गाजावाजा म्हणजे यश, हे समीकरणही तपासून घेण्याजोगे आहे. यशराज आणि डिस्ने यांचा 'रोडसाइड रोमिओ' २००८ च्या दिवाळीत सैफ अली खान आणि करीना कपूर यांचे आवाज घेऊन मोठ्या थाटात आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, प्रेक्षक मात्र अपेक्षेइतके फिरकले नाहीत. याउलट २५ जुलै २०२५ रोजी आलेल्या 'महावतार नरसिंह'ची पहिल्या दिवसाची कमाई दोन कोटींच्या आत होती. पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितले, कुटुंबेच्या कुटुंबे जाऊ लागली आणि देशातील कमाई दोनशे कोटींच्या पुढे गेली. तो विनोदी नव्हता, पौराणिक होता, हा फरक लक्षात घ्यायला हवा. तरीही 'पाहिला, चांगला आहे' या तोंडी शिफारशीचे मोल न पाहिलेल्या चित्रपटाच्या शंभर ट्रेलरांहून अधिक ठरले, हे आकड्यांतच दिसते.

'श्रेक'साठी ऑगस्ट २०२५ मध्ये ठरलेला ३० जून २०२७ हा बुधवार आहे. ४ जुलैच्या अमेरिकी सुटीच्या तोंडावर निवडलेला हा दिवस. चित्रपट त्याच सुमारास भारतात आला, तर महाराष्ट्रातील शाळा उघडून पंधरा दिवस झालेले असतील, पलूस तालुक्यात पेरण्यांची धांदल असेल आणि सांगलीला जायला रविवारखेरीज मोकळा दिवस नसेल.